किडनीच्या मुक्त जर्नलांचं संपादकीय धोरण : रुग्णांनीही वाचावं असं पान

वारणाकाठ

डायलिसिसवरच्या मागच्या धाग्यात बऱ्याच जणांनी शोधनिबंधांच्या लिंका टाकल्या होत्या. पूर्वी असले पेपर वाचायचे तर मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत ओळख काढावी लागे. आता इंटरनॅशनल सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजीचं 'किडनी इंटरनॅशनल रिपोर्ट्स', २००० सालापासून चालू असलेलं 'बीएमसी नेफ्रॉलॉजी', अमेरिकन सोसायटीचं 'किडनी ३६०', आपल्याकडचं 'इंडियन जर्नल ऑफ नेफ्रॉलॉजी' ही जर्नलं कुणालाही, कुठूनही, एक पैसा न भरता वाचता येतात.

पण लिंक उघडली म्हणून आतला मजकूर भरवशाचा ठरत नाही. भरवसा ठेवावा की नाही हे ठरवायला जर्नलच्या साइटवरचं एक पान मदत करतं, आणि ते लेखकांशिवाय सहसा कुणी उघडत नाही : संपादकीय धोरण, म्हणजे काय छापायचं आणि ते कसं तपासायचं याचे जर्नलचे नियम. मी सांगली-मिरज भागात किडनीविकारतज्ज्ञ आहे आणि काही जर्नलांसाठी पेपर तपासून देते. त्या कामातून माझं मत पक्कं झालंय की हे पान मुळात रुग्णाच्या रक्षणासाठी असतं, आणि ते रुग्णांनी, त्यांच्या घरच्यांनी वाचायला हवं.

आपल्या विषयातल्या सगळ्यात अवघड नियमापासून सुरुवात करते. प्रत्यारोपणावरचा पेपर आला की संपादकाने विचारायचं असतं : अवयव कुणाचा होता? त्याची संमती होती का? पैशांचा व्यवहार झाला का? मृत्युदंड दिलेल्या कैद्याचा अवयव तर नव्हता? २००८ साली जगभरचे प्रत्यारोपणतज्ज्ञ इस्तंबूलला जमले, अवयवांच्या व्यापाराविरुद्ध जाहीरनामा निघाला, २०१८ मध्ये तो सुधारला गेला. या क्षेत्रातली चांगली जर्नलं आज लेखकांकडून त्याला धरून लेखी निवेदन मागतात.

नुसता नियम असून भागत नाही, हे २०१९ मध्ये दिसलं. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वायरी विद्यापीठाच्या वेंडी रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या हृदय, यकृत आणि फुप्फुस प्रत्यारोपणांवरचे ४४५ पेपर तपासले. त्यांत मिळून ८५,४७७ प्रत्यारोपणं होती. अवयव मृत्युदंडाच्या कैद्यांचे होते की नव्हते, याबद्दल ९२.५ टक्के पेपरांत अक्षर नव्हतं. दात्याच्या संमतीबद्दल ९९ टक्के पेपर गप्प होते. हा अभ्यास 'बीएमजे ओपन' या मुक्त जर्नलमध्ये आला, म्हणून तो सगळ्यांच्या वाचनात आला. त्यानंतर 'प्लॉस वन' आणि 'ट्रान्सप्लांटेशन' यांनी काही पेपर मागे घेतले.

हे पेपर परीक्षकांच्या, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या, नजरेखालून गेलेले होते. ऑपरेशन कसं केलं, औषधं कोणती दिली, किती जण वर्षभर जगले, हे त्यांनी बारकाईने पाहिलं असणार. अवयव देणारा माणूस कोण होता हा प्रश्न मात्र राहून गेला.

किडनीच्या बाबतीत तर बऱ्याचदा जिवंत दाता असतो, त्यामुळे हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. इथे डॉक्टर, संशोधक, रुग्ण सगळेच आहेत, म्हणून धागा काढला. अनुभव लिहा, शंका विचारा.

---

माणदेशी

लेख आवडला, पण एक मुद्दा पटत नाही. ऑपरेशनं तर होऊन गेली. पेपर मागे घेतल्याने गेलेला माणूस परत येत नाही. उलट त्या माहितीतून पुढच्या रुग्णाचा जीव वाचत असेल तर ती पुसून काय साधलं?

---

वारणाकाठ

@माणदेशी, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि आमच्यातही त्यावर वाद होतात. माझं उत्तर असं : पेपर छापून येणं ही डॉक्टरच्या करिअरमधली मोठी कमाई असते. बढती मिळते, परिषदांना बोलावणी येतात, सेंटरचं नाव होतं. दाता कोण हे न विचारता आपण ती कमाई देत राहिलो, तर पुढचा दाता आणण्याच्या धंद्यात आपलाही हात लागतो. दुसरं, ज्या टीमने संमतीबद्दल सांगायचं टाळलं, तिचे बाकीचे आकडे मी डोळे मिटून का मानावेत?

आणि हे फक्त चीनचं दुखणं नाही. आपला मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली आला तो किडनीच्या बाजारामुळेच. २०११ च्या दुरुस्तीत आजी-आजोबा, नातवंडं यांचाही जवळच्या नात्यात समावेश झाला. नात्याबाहेरचा दाता असेल तर प्राधिकार समितीची मंजुरी लागते. भारतातला प्रत्यारोपणाचा पेपर माझ्याकडे तपासायला आला की मी ठरलेले प्रश्न विचारते : नात्यातले दाते किती, नात्याबाहेरचे किती, समितीच्या मंजुरीचा उल्लेख कुठे आहे, दात्यांमध्ये बायका किती, आणि ऑपरेशननंतर त्या दात्यांचा फॉलोअप कुठे आहे? आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये बायकाच जास्त असतात. किडनी मिळालेल्या माणसाच्या क्रिएटिनिनचा (किडनी कशी चाललीय ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) आलेख पाच-पाच वर्षांचा असतो आणि देणारीचा बीपीसुद्धा नोंदलेला नसतो. असा पेपर मी दुरुस्तीला परत पाठवते.

---

सोनचाफा

मी एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीत सामान्य सदस्य आहे, वैद्यकीय शिक्षण नाही. आमच्याकडे केस रिपोर्ट, म्हणजे एखाद्या रुग्णाच्या आजाराची हकिकत सांगणारे लेख, येतात तेव्हा डॉक्टर म्हणतात, "नाव काढलंय, फोटोत डोळ्यांवर पट्टी आहे, मग संमती कशाला?"

मी त्यांना एकदा कल्पित उदाहरण लिहून दाखवलं. '३२ वर्षांची महिला, अमुक तालुक्यात अंगणवाडी सेविका, सासूने किडनी दिली, सहा महिन्यांनी दुर्मिळ बुरशीचा संसर्ग.' नाव नाही, फोटो नाही. पण त्या तालुक्यात सुनेला किडनी देणारी सासू एकच असणार! गावातल्या कुणीही दोन मिनिटांत ओळखेल. आणि जर्नल मुक्त असेल तर ते गुगलवर येणार, मोबाइलवर भाषांतर होऊन वाचलं जाणार.

उपचारांची संमती वेगळी, संशोधनाची वेगळी आणि छापण्याची वेगळी. आम्ही आता छापण्याच्या संमतीचा कागद मराठीत वेगळा केलाय. त्यातला मजकूर इथे देते, कुणाला उपयोग झाला तर घ्या :

"माझ्या आजाराची माहिती इंटरनेटवर कायमची उपलब्ध होईल व ती कोणीही वाचू शकेल, हे मला समजावून सांगितले आहे. माझे नाव दिले जाणार नाही, तरीही ओळखीची माणसे मला ओळखू शकतील, याची मला कल्पना आहे. छापून येण्यापूर्वी मी संमती मागे घेऊ शकतो/शकते. छापून आल्यानंतर ती माहिती पूर्णपणे काढून टाकता येणार नाही. संमती दिली नाही तरी माझ्या उपचारांत फरक पडणार नाही."

शेवटचं वाक्य वाचून दाखवतानाच बहुतेक पेशंट मान वर करतात. आठवड्यातून तीनदा त्याच युनिटमध्ये खुर्चीवर बसायचं असतं, डॉक्टरला 'नाही' म्हणायचा धीर होत नाही. म्हणून आमचा आग्रह असतो की हा कागद उपचार करणाऱ्या डॉक्टरने पुढे करू नये, समाजसेवा विभागातल्या माणसाने समजावून सांगावा.

---

वारणाकाठ

@सोनचाफा, फार मोलाचं लिहिलंत. प्रत्यारोपण झालेल्यांच्या केस रिपोर्टमध्ये संमती दोघांची घ्यावी, असंही मी सुचवते. तुमच्याच उदाहरणात सून ओळखली गेली की सासूही ओळखली जाते.

---

इंद्रायणी

माझे मिस्टर डायलिसिसवर आहेत. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली, त्यांना ईपीओचं, म्हणजे रक्त वाढवणारं, इंजेक्शन चालू आहे. डॉक्टर हिमोग्लोबिन साडेदहा-अकराच्या आसपास ठेवतात. मी म्हणते, चांगलं तेरापर्यंत न्या ना, माणसाला तरतरी येईल. हिमोग्लोबिन वाढलं की पेशंटची ताकद वाढते असं इंटरनेटवर वाचलंही होतं, जुन्या पेपरचा हवाला होता.

दुसरी, व्हॉट्सॲपवर एका काढ्याने क्रिएटिनिन उतरतं असा 'आंतरराष्ट्रीय जर्नल'चा पेपर फिरतोय. नातेवाईक सारखे पाठवतात. त्यात रुग्ण किती, तुलना कुणाशी, काहीच सापडत नाही. अशा वेळी काय बघायचं?

---

वारणाकाठ

@इंद्रायणीताई, तुमचा पहिला प्रश्न या धाग्याच्या गाभ्याशीच जातो, म्हणून सविस्तर लिहिते.

१९९८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक मोठी चाचणी आली. हृदयविकारही असलेले १,२३३ डायलिसिसचे रुग्ण. एका गटाचं हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण, ते हिमोग्लोबिनबरोबर वर-खाली होतं) ईपीओ देऊन ४२ पर्यंत न्यायचं, दुसऱ्याचं ३० वर ठेवायचं. वरच्या गटात १८३ मृत्यू, खालच्या गटात १५०. चाचणी मध्येच थांबवावी लागली. पण त्याच पेपरमध्ये असंही लिहिलं होतं की हिमॅटोक्रिट जसं वाढलं तसा शारीरिक क्षमतेचा गुणांक सुधारला. 'ईपीओने तरतरी येते' या म्हणण्याला त्या वाक्याचा मोठा आधार मिळाला.

२०१२ मध्ये अमेरिकेतले नेफ्रॉलॉजिस्ट डॅनियल कॉइन यांनी औषधकंपनीने एफडीएला, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेला, सादर केलेला या चाचणीचा अहवाल तिथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली मिळवून 'किडनी इंटरनॅशनल'मध्ये त्याचं विश्लेषण छापलं. चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांची सरळ तुलना केली, तर जीवनमानात सुधारणा नव्हतीच. पेपरमधलं वाक्य गटांच्या तुलनेवर आधारलेलं नव्हतं. ज्यांचं हिमॅटोक्रिट वाढलं ते बरे वाटत होते, एवढंच त्यातून दिसत होतं, आणि जो मुळातच बरा असतो त्याचं हिमॅटोक्रिट सहज वाढतं. हे बाहेर यायला चौदा वर्षं गेली. मधल्या काळात इतर चाचण्यांतूनही हिमोग्लोबिन फार वर नेण्याचे धोके दिसले आणि २००७ मध्ये एफडीएने या औषधांवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. तुमचे डॉक्टर अकराच्या आसपास थांबतात ते यामुळे. नेमका आकडा त्यांच्याशी बोलूनच ठरवा.

आता धोरणाचं बोलू. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००४ मध्ये जाहीर केलं की चाचणीची नोंदणी सार्वजनिक नोंदवहीत आधी केलेली नसेल तर पेपर छापणार नाही. १ जुलै २००५ पासून ते लागू झालं. रुग्ण घेण्याआधीच लिहून द्यायचं की आम्ही मुख्यतः काय मोजणार. म्हणजे 'डायलिसिसची वेळ येईपर्यंतचा काळ' मोजायचा ठरवून, निकाल हवा तसा आला नाही म्हणून 'लघवीतलं प्रथिन कमी झालं' असा मथळा लेखकाने दिला, तर परीक्षक नोंदवही उघडून दोन्ही शेजारी ठेवतो. २०१८ च्या जुलैपासून चाचणीच्या पेपरमध्ये मूळ डेटा इतरांना देणार की नाही, हेही लिहावं लागतं. 'देणार नाही' असं लिहिता येतं, ही पळवाट मला खटकते.

काढ्याच्या पेपरबद्दल : सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या नोंदवहीचा, क्रमांक आहे का बघा. एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा उल्लेख शोधा. पैसे कुणी दिले आणि लेखकांचा त्या कंपनीशी संबंध काय, हे शेवटी लिहिलेलं असतं. यातलं एकही सापडलं नाही तर तो पेपर उपचार ठरवायला वापरू नका. आणि क्रिएटिनिन उतरलं हे पुरेसं नाही, हेही लक्षात ठेवा. बार्डोक्सोलोन नावाच्या औषधाने क्रिएटिनिनवरून काढला जाणारा किडनीच्या कामाचा आकडा छान वर जात होता. २,१८५ मधुमेही रुग्णांवरची त्याची चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर वाढलं.

---

ग्रंथपाल

मुंबईतल्या मेडिकल कॉलेजात ग्रंथपाल आहे. पैशांची बाजू लिहितो, कारण तिच्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

वाचकाला फुकट म्हणजे बहुधा लेखकाने भरलेलं. मोठ्या जर्नलांचं प्रकाशनशुल्क लाखाच्या घरात किंवा वरही जातं. गरीब देशांना माफी असते, पण कित्येक प्रकाशकांच्या यादीत भारत बसत नाही. दरडोई उत्पन्न कमी असलं तरी देशाचं एकूण उत्पन्न मोठं आहे, म्हणून. संपादकाला वेगळी विनंती करता येते, आणि ती पेपर पाठवतानाच करावी, स्वीकारल्यावर नाही.

याच फटीतून लुटारू जर्नलं, म्हणजे पैसे घेऊन नीट न तपासताच छापणारी, आत शिरतात. त्यांचं धोरणाचं पान चांगल्या जर्नलच्या पानाची नक्कल असतं, त्यामुळे नुसतं पान वाचून फसायला होतं. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एका वार्ताहराने ढोबळ चुका मुद्दाम घातलेला बनावट पेपर ३०४ मुक्त जर्नलांना पाठवला, तेव्हा १५७ जणांनी तो स्वीकारला. लुटारू जर्नलांची जेफ्री बील यांची प्रसिद्ध यादी २०१७ च्या जानेवारीत बंद झाली, आपल्या यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादीही २०२५ मध्ये थांबली. मी मुलांना सांगतो : डोआजमध्ये, म्हणजे मुक्त जर्नलांच्या सूचीत, नाव शोधा. मग संपादक मंडळातल्या दोघांची त्यांच्या कॉलेजच्या साइटवर खातरजमा करा. 'सात दिवसांत स्वीकृती' असं लिहिलं असेल तर तिथेच थांबा.

सरकारी संस्थांना जर्नलं वाचायला देणारी केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आली, आता मुक्त जर्नलांची गरज काय, असंही कुणी म्हणेल. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिला मंजुरी मिळाली, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, जवळपास तेरा हजार जर्नलं. आमच्यासारख्या सरकारी संस्थांना मोठाच आधार आहे. पण तालुक्याच्या गावातला खासगी फिजिशियन आणि इंद्रायणीताई त्यात येत नाहीत.

---

टेम्सतीरी

लंडनजवळ एका प्रकाशनसंस्थेच्या संपादकीय कार्यालयात काम करते, किडनीचं जर्नल नाही पण वैद्यकीयच.

पैशांबद्दल एक भर : नीट चालवलेल्या जर्नलमध्ये पेपर स्वीकारणाऱ्या संपादकाला लेखकाने पैसे भरले की माफी मागितली हे दिसतच नाही. बिलाचा विभाग वेगळा. धोरणाच्या पानावर हे स्पष्ट लिहिलेलं असावं. संपादकाचाच पेपर असेल तर तो कोण हाताळणार, हेही. ब्राझीलचं किडनीचं जर्नल सायलो या मुक्त जर्नलांच्या सार्वजनिक व्यवस्थेवर चालतं, त्याचा नमुना आपल्याकडच्या सोसायट्यांनी अभ्यासायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आणि परीक्षकांचे अहवाल! 'बीएमसी नेफ्रॉलॉजी'च्या कित्येक लेखांच्या खाली ते वाचायला मिळतात. परीक्षकाने काय विचारलं, लेखकांनी काय उत्तर दिलं, आधीचा मसुदा कसा होता. पेपर तपासायला शिकायचं असेल तर याहून चांगली शाळा नाही.

मागे घेतलेल्या पेपरबद्दलही लिहिते. तो साइटवरून गायब करायचा नसतो. तिथेच ठेवून ठळक शिक्का मारायचा आणि कारणाची सूचना वेगळी, सगळ्यांना वाचता येईल अशी छापायची. अडचण ही की मुक्त पेपरच्या पीडीएफ प्रती आधीच शेकडो ठिकाणी गेलेल्या असतात, त्यांच्यावर शिक्का येत नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली फाइल कधीच अंतिम मानू नका, डीओआयवरून, म्हणजे पेपरवर छापलेल्या त्याच्या कायमच्या क्रमांकावरून, मूळ पान उघडा.

---

संत्रानगरी

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. मी नागपूरला एमडी मेडिसिन करतोय, थिसिस डायलिसिसच्या पेशंटवर आहे. मॅडम, तीन प्रश्न.

१. पेपरमध्ये विभागातल्या सगळ्यांची नावं घालायची पद्धत आहे. ज्यांनी पेशंट पाहिलेही नाहीत त्यांचीही. नाही म्हणायचं कसं?
२. इंग्रजी सुधारायला चॅटजीपीटी वापरलं तर चालतं का?
३. थिसिसमध्ये एका गटाला जास्त वेळ डायलिसिस देणार आहोत. सीटीआरआय नोंदणी पेपर लिहिताना केली तर चालेल ना?

---

माणदेशी

@वारणाकाठ, उत्तर पटलं. देणारीचा बीपीसुद्धा नसतो, हे वाचून विचारात पडलो. माझ्या वहिनीने दादाला किडनी दिली. दादाच्या तपासण्यांची फाइल जाडजूड आहे, वहिनीची फाइलच नाही. या आठवड्यात तिची क्रिएटिनिन, लघवी आणि बीपी तपासून घेतोय.

---

वारणाकाठ

@माणदेशी, जरूर घ्या, आणि दरवर्षी घ्या. लघवीत प्रथिन जातंय का, ते नेमकं बघायला सांगा.

@संत्रानगरी,

पहिला प्रश्न सगळ्यात अवघड, कारण तिथे नियम स्पष्ट आहे आणि तो पाळायची ताकद मात्र तुझ्या हातात कमी आहे. लेखक म्हणवून घ्यायला संपादकांच्या त्याच आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात : कामाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा विश्लेषणात ठोस वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा मुद्देसूद सुधारण्यात वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाच्या खरेपणाची जबाबदारी. चौथी अट २०१३ मध्ये आली. वरिष्ठांशी बोलताना तीच पुढे कर. "सर, उद्या डेटावर प्रश्न आला तर नाव असलेल्या प्रत्येकाला उत्तर द्यावं लागेल, जर्नल सगळ्यांना मेल करतं" असं सरळ सांग. मान राखला जातो आणि बऱ्याचदा नाव आभारात जातं. कोणी काय केलं याचा तक्ता बरीच जर्नलं मागतात. तो पेपर लिहायच्या आधी, थिसिसच्या सुरुवातीलाच सगळ्यांसमोर भरून घे. आधी भरलेल्या तक्त्यात नंतर नाव घुसवणं माणसाला जड जातं.

दुसरा : संपादकांच्या समितीने २०२३ च्या मे महिन्यात सांगितलंय की एआय लेखक होऊ शकत नाही आणि वापर केला असेल तर कुठे, कसा ते पेपरमध्ये लिहावं. भाषा सुधारायला वापर, तसं लिही. संदर्भ मात्र एकेक उघडून स्वतः वाच. अस्तित्वातच नसलेले संदर्भ घातलेले पेपर माझ्याकडे तपासायला आले आहेत. आणि पेशंटची माहिती कुठल्याही चॅटमध्ये टाकू नकोस.

तिसऱ्याचं उत्तर : नाही चालणार. सीटीआरआय २००७ मध्ये सुरू झालं, आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे उशिरा नोंदणी घेतच नाहीत. तू उपचार बदलतो आहेस, म्हणजे ही चाचणी आहे, नुसतं निरीक्षण नव्हे. नोंदणी फुकट असते, पण शंका विचारून अर्ज परत येतात, त्यात दिवस जातात. एथिक्स कमिटीचं पत्र हातात आलं की त्याच आठवड्यात अर्ज टाक.

आणि मुख्य मोजमाप एकच ठरव. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात वाढलेलं वजन घेणार असशील तर कुठल्या दिवसांचं, ते आत्ताच लिही. सोमवारी येणाऱ्या पेशंटचं दोन दिवसांच्या खंडानंतरचं वजन आणि बुधवारचं वजन यांत फरक असतो, नंतर त्यातलं सोयीचं निवडायचा मोह होतो.

पेशंट घ्यायला सुरुवात केली आहेस का अजून?

---

संत्रानगरी

नाही मॅडम, एथिक्सची मीटिंग पुढच्या गुरुवारी आहे. @सोनचाफाताई, तुमचा मराठी संमतीचा मजकूर आमच्या फॉर्मला जोडू का? आमच्या फॉर्ममध्ये 'उपचारांत फरक पडणार नाही' हे वाक्य इंग्रजीत आहे, मराठीत गाळलंय.

---

सोनचाफा

जरूर जोडा. पण तो छापण्याच्या संमतीसाठी आहे, चाचणीत भाग घेण्याची संमती वेगळी ठेवा. जास्त वेळ डायलिसिस म्हणजे पेशंटचा आणि सोबत येणाऱ्याचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडणार, गाडीभाडं वाढणार. ते कोण देणार, हे फॉर्ममध्ये लिहा. आमच्या कमिटीत मी सगळ्यात आधी हेच विचारते.